सुभेदार आणि शेजारच्या गोठ्यातलं बाळ

आधी चहा घ्या आणि मग हसा, कारण मी जे सांगणार आहे त्यात शहाणपणाचा एक घोटसुद्धा नाही. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. एका मांजरावर चोरीचा आळ, एका देवाची बदली आणि दोन घरांत गोंधळ, एवढं काम मी एकटीनं केलं. तेही तोंडातून चार शब्द न काढता.

शब्द न काढणं हीच माझी ख्याती. 'पोरगी गरीब आहे, तोंड उघडत नाही,' एवढ्या एका गुणावर माझं लग्न जमलं. आता मला सांगा, न बोलणारं माणूस दिवसभर करतं काय? बघतं. मी सगळं बघायची. कोण कुठल्या पायानं उंबरा ओलांडतं, कोणाच्या चहात साखर जास्त पडते, कोण देवासमोर डोळे मिटून मधेच एक डोळा उघडतं. आणि बघून जे कळतं ते बरोबरच असणार, मग विचारायचं कशाला, अशी माझी पक्की समजूत.

मी निपाणीची. लग्न होऊन आले बेळगावच्या कॅम्पात, पाच बैठ्या कौलारू घरांच्या एका ओळीत. घराला घर चिकटलेलं. शेजारणीनं फोडणी दिली की शिंक आपल्याला यायची. आमच्या घरात सासूबाई, ज्यांना सगळ्यांसारखं मीही आत्या म्हणायची, मी, आणि हे. थोरले दीर फौजेत. थोरल्या जाऊबाई तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी, सांबऱ्याला. त्यांची दोन पोरं मात्र शाळेमुळं आमच्याकडं: आठ वर्षांचा बबन आणि सहा वर्षांची नंदा.

आणि सुभेदार.

सुभेदार म्हणजे आमचा बोका. पिवळा, जाडजूड, पांढऱ्या मिशांचा. सकाळी पाचही घरांच्या कौलांवरून असा सावकाश फिरायचा, जणू पहारा तपासतोय. मी या घरात आले त्या दिवशी बायका आल्या, दागिने बघून गेल्या, पोरं लाजून पळाली. मी खोलीत एकटी बसले होते. हा आला, माझ्या नव्या ट्रंकेवर चढला, आणि गेल्या जन्मीची ओळख असल्यासारखा झोपला. त्या घरात पहिल्यांदा मी ज्याच्याशी बोलले तो सुभेदार. पुढंही दुपारी भांडी घासताना जे काही बोलायचं ते मी त्याच्याशीच बोलायची. तो ऐकून घ्यायचा आणि कुणाला सांगायचा नाही. सासरी एवढं मिळतं कुठं?

पण त्याचे गुण बाहेर पडायचे ते शेजारी. शेजारी रोझीमावशी आणि आग्नेलकाका राहायचे. दोघंच. मुलगी लग्न होऊन मुंबईला. सुभेदारानं त्यांचा बांगडा दोनदा पळवला होता. मावशी हसून सोडून द्यायच्या. पण त्या डिसेंबरात त्यांनी नाताळासाठी खोबऱ्याच्या वड्या थापून ताटात वाळत ठेवल्या, आणि हा त्यांवरून चालत गेला. नुसता गेला असता तर चाललं असतं. हा परतही आला. एकेका वडीवर एकेक पाऊल, छापल्यासारखं.

मावशी तेव्हाही हसल्या. "असू दे गो, नक्षी उठली," म्हणाल्या.

आत्या हसल्या नाहीत. शरमेनं त्यांचं तोंड लाल झालं. घरी येऊन त्यांनी परसदाराच्या खिळ्याला एक रिकामं पोतं टांगलं.

"आता आणखी एक तक्रार येऊ दे शेजारनं," त्या ह्यांना म्हणाल्या. "नाताळाच्या दुसऱ्या दिवशी संकेश्वरला चाललाईस न्हवं कामाला? ह्याला पोत्यात घालायचं आणि उसात सोडून यायचं."

"तिथं त्याला दूध कोण देणार?" नंदानं विचारलं.

"साखर कारखाना हाय की तिथं."

"मांजर साखर खातंय व्हय?"

"भूक लागली की खातंय. जेव गप."

पोरं जेवलीच नाहीत. बबन घास हातात धरून पोत्याकडं बघत राहिला. मीही वाढता वाढता बघत होते, पण माझं बघणं कुणाच्या लक्षात येत नसे.

आता शेजारच्या पडवीचं सांगते. आग्नेलकाकांनी तिथं नाताळाचा गोठा मांडला होता. निपाणीत मी असलं काही बघितलं नव्हतं, त्यामुळं आठ दिवस भांडी घासायची जागा बदलून मी कुंपणाजवळ बसत होते. आपल्याकडं दिवाळीला पोरं किल्ला करतात ना, अगदी तसंच. कोळसा फासलेल्या कागदाचे डोंगर. आरशाच्या तुकड्याचं तळं. बशीत गहू पेरून उगवलेली हिरवी शेतं, आपल्या घटासारखी. किल्ल्यावर मावळे असतात, इथं मेंढपाळ होते. मधोमध बांबूचा गोठा, त्यात गाय, गाढव, निळ्या पदराची बाई आणि काठी धरलेला बाप्या. साठ वर्षांचा माणूस पोरासारखा पालथा पडून मेंढरं मांडतोय, हे बघायला मला फार आवडायचं. हे सगळं कशाबद्दल आहे हे विचारावं असं मात्र एकदाही मनात आलं नाही. दिसत होतं की.

बावीस तारखेला सकाळी मावशी किल्ली घेऊन आल्या.

"शालन गो, आम्ही नंदगडला जातो, माझ्या आईला नाताळासाठी आणायला. परवा दुपारी परत. गव्हाला तेवढं पाणी शिंपड. आणि तुमचा तो सुभेदार पडवीत जाता कामा नये. काही विचारायचं आहे?"

मी मान हलवली. नाही.

"सगळं कळलं?"

मी मान हलवली. हो.

त्या गेल्या. दहा वाजता मी पोरांना घेऊन पाणी शिंपडायला गेले. नंदा वाकून गोठ्यात बघत होती ती तशीच थांबली.

"काकू, बाळ कुठाय?"

"कसलं बाळ?"

"हिथं बाळ असतंय. गवतात झोपवल्यालं."

बबन पुढं झाला. "व्हय. गेल्या वर्षी मी बघितलो की. केक खायला बोलवलंते तवा. हात असा वर केल्यालं."

मी बघितलं. बाईच्या आणि बाप्याच्या मधे छोटंसं लाकडी गव्हाणीसारखं काहीतरी होतं, त्यात मऊ गवत, आणि गवताच्या मधोमध गोल खळगा. रिकामा. दोघंही आईबाप त्या खळग्याकडं बघत उभे. आईचे हात जोडलेले.

मग मी माझं नेहमीचं काम केलं. नीट बघितलं. पडवीच्या जाळीला खाली कोपऱ्यात भोक होतं, बोका जाईल एवढं. भोकाच्या तारेला पिवळे केस. एक मेंढरू आडवं पडलेलं आणि त्याचा कान कुरतडलेला. आणि तीन राजे, मुकुट घातलेले, गोठ्यापासून पार लांब, खिडकीच्या कट्ट्यावर एका रांगेत उभे. राजे लोक खिडकीत कशाला जातील? नक्कीच काहीतरी बघून पळाले होते.

आणखी काय पुरावा पाहिजे?

"सुभेदारानं नेलं," बबन हळूच म्हणाला, आणि नंदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "आता पोतं," ती म्हणाली.

मी पोरांना जवळ घेतलं. "आजीला सांगायचं नाही. परवा दुपारपर्यंत आपण बाळ शोधायचं." माझ्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकून नंदा रडायचीच थांबली.

तिन्ही राजांना मी आधी खिडकीतून उचलून गोठ्याशी आणून उभं केलं. मेंढरू सरळ केलं. निदान एवढं तरी मार्गाला लागलं.

मग शोध. सुभेदार चोरीचा माल ठेवतो कुठं हे पोरांना ठाऊक होतं: न्हाणीघरात, बंबासाठी रचलेल्या लाकडांच्या मागं. लाकडं काढली. ह्यांचा एक पायमोजा सापडला, आत्यांचा दिवाळीपासून हरवलेला लोकरीचा गुंडा सापडला, बांगड्याची दोन डोकी सापडली. बाळ नाही.

मग मी ठरवलं, चोराच्याच मागं जायचं. दुपारी आत्या आडव्या झाल्या, सुभेदार उठून बाहेर पडला, आणि मी डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागं. नवी सून मांजराच्या मागनं दहा पावलं अंतर ठेवून चालली आहे, तो थांबला की थांबते, तो भिंतीचा वास घेतो तोवर आकाशाकडं बघते. कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला गिरण बंद करून बघायला आला.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. सुभेदाराला तीन घरं होती. बेकरीच्या मागच्या दारी त्याला 'राजू' म्हणत होते आणि पावाच्या कडा घालत होते. तिथनं तो गेला नळापलीकडं राहणाऱ्या मास्तरांच्या घरी. तिथं मास्तरांच्या बायकोनं, गौरक्कानं, "बा, गुंडप्पा," म्हणजे 'ये, गुंडप्पा', म्हणून त्याच्यापुढं ताकभात ठेवला. एखाद्या नवऱ्याची दुसरी बिऱ्हाडं सापडावीत तशी मी दारात उभी.

गौरक्का नुकत्याच धारवाडकडून आलेल्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला कानडी बाजारापुरतं, म्हणजे मीठ आणि मिरची मागण्यापुरतं. पण विचारायला तर पाहिजे होतं. बाळ इथं आणून टाकलं असलं तर? मी बोक्याकडं बोट केलं. मग दोन्ही हात पाळण्यासारखे करून हलवले. मग रिकामे तळवे दाखवले, म्हणजे बाळ नाही. आणि हे करताना त्या गव्हाणीतला खळगा आठवून माझे डोळे भरून आले.

गौरक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांचेही डोळे भरले. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तांदूळ आणि नारळानं माझी ओटी भरली, डोक्यावरून हात फिरवून कानडीत बराच वेळ काहीतरी समजावलं. मी मान हलवत राहिले. मला वाटलं, काय चांगली बाई आहे, शेजाऱ्यांची वस्तू हरवली म्हणून केवढं वाईट वाटून घेतलं.

तुम्ही हसायला लागलात. तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही.

संध्याकाळी आत्यांनी नारळ बघितला. "ओटी कुणी भरली गं?"

"गौरक्कानी."

"कशाबद्दल?"

मी पदर सारखा केला आणि भाकरी थापायला बसले. मी बोलत नाही हे त्यांना माहीत होतं, त्यांनी पुढं विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाळ नाही तर नाही, दोन दिवस थांबायचं. पण तो रिकामा खळगा माझ्या डोळ्यांपुढनं हलेना. आपल्याकडं रिकामा पाळणा कधी हलवतात का? बारशाला बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून निजवतात, पण रिकामा ठेवत नाहीत. त्यात सांबऱ्याला जाऊबाईंचे दिवस भरत आलेले. भिंतीपलीकडं रिकामी गव्हाण आणि तिच्यापुढं हात जोडून उभी आई, हे मला बरं वाटेना. शिवाय मावशी आल्या आणि खळगा बघितला की तक्रार. तक्रार की पोतं.

म्हणून मी आणि नंदानं कणकेचं बाळ केलं. मऊ यावं म्हणून दुधात मळलं. हळद लावून रंग आणला, मोहरीचे डोळे केले, एक हात वर. इतकं गोजिरं झालं की नंदा म्हणाली, "दृष्ट लागंल," आणि मी सवयीनं काजळाची तीट त्याच्या गालाला लावली. दिवेलागणीआधी नेऊन गव्हाणीत निजवलं. जाळीच्या भोकाला वीट लावली.

सकाळी बघितलं तर वीट बाजूला आणि गवतात एक मोहरी.

म्हणजे बघा, आदल्या दिवशी ज्याच्यावर नुसता संशय होता त्याला मी स्वतः दुधात मळून गुन्हा करून दिला.

त्याच सकाळी नळावर आत्या आणि गौरक्का एकमेकींच्या कानाला लागून बोलत होत्या. आत्यांना कानडी चांगलं येतं. मी घागर घेऊन गेले तर आत्यांनी माझ्या हातातनं घागर काढून घेतली. "तू नको उचलूस." घरी आल्यावर पेलाभर दूध दिलं, त्यात तूप घालून. मी पिईपर्यंत माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मला वाटलं, त्यांना बोक्याचं कळलं आणि त्या माझ्या कबुलीची वाट बघताहेत. मी दूध प्याले आणि गप्प राहिले.

मग त्या घाईघाईनं एक चिठ्ठी लिहायला बसल्या आणि दोन्ही पोरांना घेऊन बसस्टँडकडं गेल्या. घरात मी एकटी. देवघरापुढं उभी राहिले.

देवघरात माझा बाळकृष्ण होता. लग्नात आईनं दिलेला, पितळेचा, रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा. प्रत्येक नवरी आणते तसा माझ्याबरोबर निपाणीहून आलेला. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. शेवटी बाळच ते. हातही वर आहे. शिवाय पितळेला दात लागत नाहीत.

"दोनच दिवस," मी त्याला म्हटलं. "शेजारीच जायचंय. तिथं गाय पण आहे."

नेला आणि गव्हाणीत ठेवला. रांगता असल्यामुळं निजेना, म्हणून थोडा कुशीवर वळवला आणि गवत पांघरलं. तीट लावायला विसरले नाही. तिन्ही राजांना आणखी जवळ सरकवलं, म्हणजे आजूबाजूला माणसं असली की त्याला नवखं वाटणार नाही.

त्या संध्याकाळी आत्या दिवा लावायला देवघराशी बसल्या. त्यांचा हात बाळकृष्णाच्या रिकाम्या जागेवर थांबला. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. पण त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि पूजा पुरी केली. मग हे आले आणि चार मोसंबी माझ्यासमोर ठेवून बाहेर जाऊन बसले. मी विचार केला, मोसंबीचा हंगाम सुरू झाला वाटतं.

चोवीस तारीख. दुपारी टांगा वाजला. मावशी, काका आणि मावशींची म्हातारी आई उतरली. मी किल्ली घेऊन गेले, पोरं माझ्या मागं पदर धरून. आत्याही पाहुणीला भेटायला आल्या. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसत होतं. ती आधी गोठ्याशी गेली, गुडघ्यावर बसली आणि हातानं चाचपायला लागली. गाय, गाढव, आई, बाप. मग तिचा हात गव्हाणीत गेला.

"रोझी गो," ती म्हणाली, "हे पोर आधीच कसं जन्मलं? आणि गार किती पडलंय. पितळेसारखं लागतंय."

मावशी वाकल्या. काका वाकले. आत्या वाकल्या.

गवतात लोण्याचा गोळा धरून माझा बाळकृष्ण, गालाला तीट, आणि नाकाला नाक लावून तीन राजे.

"बाळ कुठं गेलं ते मला माहीत नाही," मी म्हटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पण सुभेदाराला पोत्यात घालू नका. चूक माझी आहे, किल्ली माझ्याकडं होती."

आग्नेलकाका आत गेले, कपाटातला बिस्किटांचा डबा आणला आणि उघडला. आत कापूस. कापसात हात वर केलेलं गोरं बाळ, गाढ झोपलेलं.

"बाळ आज जन्मतं," ते म्हणाले. "रात्रीची प्रार्थना झाली की आम्ही त्याला गव्हाणीत ठेवतो. तोवर गव्हाण रिकामी असते. दर वर्षी."

"पण मेंढराचा कान?" बबननं विचारलं.

"तो आमच्या मुलीनं चावला. तुझ्याएवढी होती तेव्हा." मग ते चष्मा वर करून म्हणाले, "आणि या राजांना इथं कुणी आणलं? ते बाळाला भेटायला लांबून येतात, त्यांना अजून बारा दिवसांची वाट आहे. मी त्यांना रोज बोटभर सरकवतो."

"मी," म्हटलं. "मला वाटलं पळाले होते."

मावशी पायरीवर बसल्या आणि पदर तोंडावर घेऊन हलायला लागल्या. पण आत्या हसत नव्हत्या. त्या बाळकृष्ण हातात घेऊन उभ्या होत्या.

"अगं, मला वाटलं तू ह्याला उशाखाली घेऊन निजतीयास."

"उशाखाली कशाला?" आत्यांना मी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"गौरक्का म्हणाली न्हवं, पोरगी मुलासाठी रडत आलती, हात जोडून. मी म्हटलं, सात महिनं झालं, पोरीच्या मनाला लागलंय, आन् सांगायची न्हाय ती कुणाला. म्हणून तर…" त्या एकदम थांबल्या. "म्हणून तर तुझ्या आईला चिठ्ठी धाडली की काल. निपाणीच्या गाडीच्या कंडक्टरकडं."

"काय लिहिलं चिठ्ठीत?"

"एवढंच, की बाळाचं निघालंय, लगेच ये."

आणि खरं सांगते, तेवढ्यात दारात दुसरा टांगा थांबला. आई उतरली. हातात मोठी टोपली, टोपलीत डिंकाचे लाडू, तुपाची बरणी, खरवसाचा डबा. तिनं टोपली पडवीच्या कडेला ठेवली, सगळ्यांसमोर माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "कितवा?"

आता मात्र मला बोलावं लागलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. मी वड्यांपासून सुरुवात केली. पोतं सांगितलं, संकेश्वरचा ऊस सांगितला, जाळीचं भोक, बंबामागचा पायमोजा, बेकरीतला राजू, मास्तरांचा गुंडप्पा, कणकेचं बाळ, तीट, सगळं. सात महिन्यांचं साठलेलं. मधे कुणी हूं की चूं केलं नाही. आत्या, मावशी, काका, म्हातारी, पोरं, सगळे माझ्याकडं टक लावून बघत होते. मला वाटलं, मी एवढं छान बोलते हे यांना माहीतच नव्हतं.

"म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे," मी शेवटाला आले, "की सुभेदारानं यात काही केलेलं नाही. कणकेचं बाळ माझंच होतं, त्याची तक्रार कुणाची नाही. एवढा गरीब जीव या ओळीत दुसरा नाही. त्याला उगाच शिक्षा नको."

मग नंदा हळूच म्हणाली, "काकू, मागं बघ."

मी मागं बघितलं. सुभेदार टोपलीत बसला होता. खरवसाच्या डब्याचं झाकण बाजूला होतं, डबा अर्धा झाला होता, आणि मिशांना लागलेलं तो सावकाश चाटत होता. माझं भाषण सुरू झाल्यापासून तो तिथं होता. सगळ्यांनी बघितलं होतं. मी पहिल्यांदाच बोलतेय म्हणून मला मधे थांबवायला कुणाचं मन झालं नव्हतं.

आत्यांच्या तोंडून आधी एक बारीक आवाज आला. मग त्या खांबाला धरून इतक्या हसल्या की गिरणीवाला पुन्हा गिरण बंद करून बघायला आला. पोतं त्याच संध्याकाळी कोळसे भरायला निघालं आणि सुभेदार पुढं सहा वर्षं आमच्याकडं, म्हणजे तिन्ही घरांत, राहिला.

आई मात्र हसली नाही. पिशवीतनं पंचा काढून तिनं डब्याचे काठ पुसले, माझ्याकडं बघितलं, आणि आत्यांना म्हणाली, "हिला बोलतं करायला आम्ही वीस वर्षं झटलो बघा, विहीणबाई. आता वाटतंय, गप्पच बरी होती."